सँडफ्लाय शोधायची कशी, पकडायची कशी, ओळखायची कशी

गावात तापाची साथ आली की संध्याकाळी धूरफवारणीचं यंत्र गल्लीतून फिरतं. पोरं धुरामागे पळतात, कुणीतरी फोटो काढतो आणि तो ग्रामपंचायतीच्या ग्रुपवर पडतो. दुसऱ्या दिवशी आशाताई घरोघरी रांजण, कूलर, टायर तपासत फिरतात. गप्पी मासे सोडले जातात, कोरडा दिवस पाळायला सांगितलं जातं. डेंगीसाठी हे सगळं रास्तच आहे. चांदीपुरा विषाणूच्या तापासाठी मात्र यातलं बहुतेक वाया जातं, कारण तो पसरवणारी सँडफ्लाय (वाळूमाशी) पाण्यात वाढतच नाही. ती गोठ्यातल्या ओलसर मातीत वाढते आणि दिवसा भिंतीच्या भेगेत दडून बसते. आपलं डोकं डासाच्या हिशेबाने चालतं, तिथेच पहिली चूक होते.

हा लेख विदर्भ-मराठवाड्यातल्या खेड्यात छोटं सर्वेक्षण करू पाहणाऱ्यांसाठी आहे. प्राणिशास्त्राचे विद्यार्थी, उपकेंद्रातले आरोग्य सेवक, आणि आपल्या कोठ्यात (गोठ्यात) नेमकं काय आहे हे स्वतः बघावंसं वाटणारे शेतकरीही यात आले.

त्याआधी एक गोष्ट. घरात १५ वर्षांखालच्या मुलाला अचानक जोराचा ताप आला, उलट्या होत आहेत, झटके येत आहेत किंवा मूल गुंगीत जातंय, तर माशी शोधत बसू नका. १०८ ला फोन करा आणि मोठं, अतिदक्षता विभाग असलेलं रुग्णालय गाठा. चांदीपुराच्या आजारात पहिल्या तापापासून मृत्यूपर्यंतचा काळ कधीकधी २४ ते ४८ तासांचाच असतो. विषाणूवर औषध नाही, लसही नाही. झटके थांबवणं, मेंदूची सूज उतरवणं, श्वास आणि रक्तदाब सांभाळणं हेच उपचार, आणि ते वेळेवर मिळाले तर मूल वाचू शकतं.

ही माशी आपल्या ओळखीची का असावी

चांदीपुरा हे नागपूर जिल्ह्यातल्या गावाचं नाव. १९६५ साली त्या भागात डेंगी आणि चिकुनगुनियाच्या तापाची साथ होती. तेव्हा दोन रुग्णांच्या रक्तातून पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने (आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था) एक अनोळखी विषाणू वेगळा केला आणि त्याला गावाचं नाव मिळालं. काही वर्षांतच औरंगाबादेत पकडलेल्या सँडफ्लायमध्येही तोच सापडला. तरीही बराच काळ त्याची गणना किरकोळ तापाच्या विषाणूंमध्येच होत राहिली. २००३ च्या उन्हाळ्याअखेर आणि पावसाळ्यात आंध्र प्रदेशात ३२९ मुलं आजारी पडली, त्यातली १८३ दगावली, आणि मग सगळ्यांचे डोळे उघडले. २००७ मध्ये नागपूर विभागातल्या मुलांमध्ये मेंदूज्वराची साथ झाली. २०२४ मध्ये गुजरातेत पुन्हा: जूनच्या सुरुवातीपासून १५ ऑगस्टपर्यंत देशात तीव्र मेंदूज्वराचे २४५ रुग्ण नोंदले गेले, त्यातले ८२ मृत्यू पावले, आणि ६४ जणांत चांदीपुरा विषाणू निश्चित झाला.

याच माशीचे बाकीचे उद्योगही ठाऊक असावेत. काळा आजार, म्हणजे प्लीहा वाढवणारा लांबलचक ताप, तिच्यामुळेच पसरतो. बिहार, झारखंड, पश्चिम बंगाल आणि उत्तर प्रदेशाचा पूर्व भाग ही त्याची जुनी ठाणी. त्याचा परजीवी १९०३ साली लीशमन आणि डोनोव्हन या दोन डॉक्टरांनी वेगवेगळा ओळखला, म्हणून त्याचं नाव लीशमेनिया डोनोव्हनी. तो माणसापर्यंत नेमका कसा पोचतो हे सिद्ध व्हायला मात्र १९४२ उजाडावं लागलं, आणि त्यामागची गोष्ट मोठी गमतीची आहे. प्रयोगशाळेत माश्यांना रोग्याचं रक्त पाजलं, पुन्हा रक्त पाजलं, तरी संसर्ग पुढे जाईना. मग कुणाला तरी सुचलं की पहिल्या रक्तानंतर त्यांना मनुके द्यावेत. सँडफ्लाय एरवी वनस्पतींचा गोड रस पितेच. मनुक्यांच्या साखरेवर परजीवी इतके माजले की माशीचा घसाच तुंबला. स्वामिनाथ, शॉर्ट आणि अँडरसन या संशोधकांनी आसामात अशा माश्या पाच स्वयंसेवकांना चाववल्या, आणि पाचही जणांना काळा आजार झाला. अडकलेला तिढा सोडवला तो मनुक्याने.

महाराष्ट्र काळ्या आजाराच्या पट्ट्यात नाही. पण वीटभट्टीवर, बांधकामावर बिहार-झारखंडातून आलेला मजूर दोन आठवड्यांहून जास्त तापत असेल आणि त्याची प्लीहा वाढली असेल, तर डॉक्टरांना हे सुचवायला हरकत नाही. आरके३९ नावाची झटपट चाचणी त्यासाठीच असते. राजस्थानच्या बिकानेर भागात हिच्यामुळे त्वचेवर लवकर बरी न होणारी गळवं येतात. युरोपात भूमध्य सागराकाठी तीन दिवसांचा पप्पाताची ताप येतो, तोही हिचाच.

डोळ्याला ती कशी दिसते

आकार दीड ते तीन मिलिमीटर, म्हणजे डासाच्या जेमतेम पाव-तृतीयांश. रंग भुरा, वाळूसारखा, अंगभर बारीक केस. खेड्यात लोक हिला चिलट समजून झटकून टाकतात. चिलटं मात्र डोळ्यांभोवती, जखमेवर, दिवसाउजेडी घोंघावतात. सँडफ्लाय दिवसा दिसत नाही आणि उडताना तिचा आवाजही येत नाही.

तीन खुणा पक्क्या. बसल्यावर तिचे पंख पाठीवर मिटत नाहीत, इंग्रजी व्ही अक्षरासारखे वर उभे राहतात. हाताने हुसकली तर ती सरळ उडत नाही, टुणटुण उड्या मारत भिंतीवरच जरा बाजूला जाऊन बसते. आणि चावली तर डासापेक्षा जास्त झोंबते, कारण डासासारखी बारीक सुई ती टोचत नाही. त्वचा करवतल्यासारखी कापते, तिथे रक्ताचं थारोळं होऊ देते आणि ते चाटते. चावते फक्त मादी, तेही संध्याकाळ ते पहाट, बहुतेकदा घोटे, पाय, कोपर अशा उघड्या जागी.

उडायला ती कमजोर. जन्मल्या जागेपासून सहसा काही शे मीटरच्या आतच फिरते. त्याचा फायदा असा की तुमच्या अंगणात माशी सापडली तर तिचं माहेरही जवळपासच आहे असं धरून चालायला हरकत नाही.

पहिली पायरी: जागा निवडणं

गावाचा नकाशा कागदावर हाताने काढा. त्यावर कोठे, उकिरडे, शेणखताचे खड्डे, मातीची आणि कुडाची घरं, पडकी घरं, घुशीची बिळं, वारुळं, मोठ्या झाडांच्या ढोल्या यांच्या खुणा करा. हे करताना गावातल्या एखाद्या जुन्या माणसाला सोबत घ्या. कुठल्या घराच्या भिंतीला ओल येते आणि कुणाच्या कोठ्याची जमीन वर्षानुवर्षं उकरलेली नाही, हे त्याला तोंडपाठ असतं.

अंडं ते माशी हा प्रवास साधारण एक ते दोन महिन्यांचा. अळी ओलसर, सावलीतल्या, शेण-पालापाचोळा कुजून काळी झालेल्या मातीत राहते आणि तेच खाते. म्हणून ढोरांचा कोठा हा सगळ्यात भरवशाचा पत्ता. त्यातही गव्हाणीमागची भिंत, कोपरे, खुंट्याजवळचा दगडी पाया. मातीच्या भिंतीत जमिनीपासून गुडघाभर उंचीवर जिथे ओल चढते आणि सारवण पोपडे धरतं, तिथे टॉर्च मारा.

निदान सहा कोठे आणि सहा राहती घरं पक्की करा, आणि दर महिन्याला त्याच जागी जा. जागा बदलत राहिलात तर आकडे एकमेकांशी बोलत नाहीत. पावसाळ्यापूर्वी एकदा जरूर जा. संख्या पाऊस पडल्यावर चढते, आणि ती कुठून चढली हे सांगायला आधीची नोंद लागते.

अळ्या शोधण्याच्या मोहात पडू नका. माती साखरेच्या पाण्यात घोळून अळ्या तरंगवण्याची पद्धत आहे, पण टोपलीभर माती चाळून हाती दोन-चार अळ्या लागल्या तरी नशीब. मुरलेले संशोधकही इथे हात टेकतात. तुमचा वेळ माश्यांवर घालवा.

दुसरी पायरी: सामान

फार काही लागत नाही. चांगली टॉर्च. पातळ काचेच्या परीक्षानळ्या वीस-पंचवीस. कापूस. ७० टक्के अल्कोहोल. झाकणाच्या लहान कुप्या. मऊ ब्रश, सुई, हातभिंग. शिसपेन्सिल आणि जाड कागदाच्या चिठ्ठ्या: चिठ्ठी पेन्सिलीनेच लिहायची, पेनाची शाई अल्कोहोलमध्ये धुऊन जाते. हा धडा प्रत्येक जण एकदा स्वतःच्या नमुन्यांवर शिकतो. माझ्या वाट्याला पस्तीस कुप्या आल्या होत्या, सगळ्या कोऱ्या चिठ्ठ्यांच्या.

कीटक समाहारकांकडे चोषनळी असते. काचेची नळी, तिला रबराची लांब नळी, मध्ये बारीक जाळीचा तुकडा. तोंडाने ओढलं की माशी नळीत येते. सवय झाली की हात झपाझप चालतो. पण कोठ्यातली धूळ आणि माशीच्या अंगावरचे केस छातीत जातात, आणि चांदीपुराचे रुग्ण सापडलेल्या गावात ती तोंडाला लावणं मला शहाणपणाचं वाटत नाही. तिथे बॅटरीवर चालणारी वापरा, नाहीतर साधी परीक्षानळी. बसलेल्या माशीवर नळी अलगद उपडी ठेवायची, माशी आपसूक वर उडी मारते, मग खालून कापसाचा बोळा सरकवायचा. वेळ जास्त लागतो, पण माशी अख्खी मिळते.

तिसरी पायरी: पहाटेची शोधाशोध

सकाळी सहा ते नऊच्या दरम्यान, उन्हं कोठ्यात शिरायच्या आत जा. माश्या रात्रभर फिरून नुकत्याच भिंतीवर टेकलेल्या असतात. मालकाला आदल्या संध्याकाळी सांगून ठेवा. ढोरं सोडल्यावर आणि शेण भरायच्या आधीचा जो पाऊण तास असतो, तो आपला.

टॉर्च भिंतीवर सरळ मारू नका, भिंतीला जवळजवळ घासून तिरपी धरा. उभे पंख सावली टाकतात आणि माशी लगेच उठून दिसते. खालून वर, डावीकडून उजवीकडे, सावकाश. प्रत्येक कोठ्याला ठरलेला वेळ द्या, समजा १० मिनिटं, आणि घड्याळ लावा. वेळ पाळला नाही तर पुढचा सगळा हिशेब फुकट.

हिशेब असा. समजा दोघांनी मिळून सहा कोठे प्रत्येकी १० मिनिटं पाहिले. म्हणजे दोघांची मिळून १२० मिनिटं, दोन मनुष्य-तास. सापडल्या २४ माश्या. मनुष्य-तास घनता आली १२. एकही माशी न मिळता परत आलात तर शून्य लिहा. शून्याची नोंद हीसुद्धा नोंदच आहे, आणि नवखे लोक नेमकी तीच गाळतात.

सोबत तारीख, वेळ, घराचा नमुना (कुड, माती, वीट, सिमेंट), ढोरांची संख्या, तापमान, जमलं तर आर्द्रता, आणि शेवटची फवारणी कधी झाली हे लिहून ठेवा. शेवटच्या प्रश्नाला ‘मागच्या वर्षी’ असं उत्तर मिळालं तर भिंतीकडे नीट बघा. फवाऱ्याचे पांढुरके डाग नंतरच्या सारवणाखाली गेलेले असतात.

चौथी पायरी: रात्रीचा सापळा

पहाटेच्या फेरीत फक्त भिंतीवर उघड्यावर बसलेल्या माश्या मिळतात. भेगेत, बिळात, झाडाच्या ढोलीत असलेल्यांसाठी रात्री सापळा लावावा लागतो. प्रचलित प्रकार म्हणजे छोटा दिवा आणि पंखा असलेला, सहा व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा प्रकाश-सापळा. माशी उजेडाकडे येते, पंखा तिला खालच्या पिशवीत ओढतो. संध्याकाळी सहा ते सकाळी सहा.

डासासाठी तो डोक्याएवढ्या उंचीवर टांगतात. सँडफ्लायसाठी खाली आणा, भिंतीपासून दोन-चार बोटांवर, आणि तोंड जमिनीपासून वीतभर वर. पिशवीची जाळी बारीक हवी. डासांची नेहमीची पिशवी लावली तर रात्रभर माश्या आत येतात आणि रात्रभर बाहेर जातात.

आणखी तीन गोष्टी पुस्तकात सहसा नसतात. टांगायच्या दोरीला एरंडेल किंवा ग्रीस चोपडा, नाहीतर पहाटेपर्यंत मुंग्या पिशवी साफ करतात. सापळ्याच्या वर पालीला बसता येईल असा वासा नको. आणि सकाळी पंखा बंद करण्याआधी पिशवीचं तोंड बांधा, मग बटण दाबा; उलटं केलं तर अर्धी कमाई उडून जाते.

वीज, बॅटरी, पैसा काहीच नसेल तर कागदाचा सापळा. ए-४ आकाराचे पांढरे कागद एरंडेल तेलात बुडवून निथळायचे आणि बिळांच्या तोंडाशी, भेगांसमोर, कोठ्याच्या कोपऱ्यात संध्याकाळी काड्यांवर उभे करायचे. सकाळी चिकटलेल्या माश्या ब्रशने उचलून अल्कोहोलमध्ये धुवायच्या. इथे मोजमाप दर कागदामागे किती असं होतं, त्यामुळे पहाटेच्या आकड्यांत हे आकडे मिसळू नका. माझ्या मते शाळा-कॉलेजच्या प्रकल्पाला हीच पद्धत उत्तम. खर्च नगण्य, आणि घुशीच्या बिळातून रात्री काय बाहेर येतं हे पोरांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं.

पाचवी पायरी: ठेवण आणि छाननी

ओळख पटवायची असेल तर माश्या थेट ७० टक्के अल्कोहोलमध्ये टाका. विषाणूसाठी तपासायच्या असतील तर वाट वेगळी आहे. त्या जिवंत किंवा थंडीने नुकत्याच मारलेल्या, बर्फावर वेगळ्या केलेल्या आणि द्रव नायट्रोजनमध्ये किंवा उणे ८० अंशांवर साठवलेल्या लागतात. जात आणि लिंग पाहून त्यांचे लहान गट करतात आणि प्रत्येक गट एकत्र वाटून तपासतात. हे काम कॉलेजच्या प्रयोगशाळेचं नाही. अशी वेळ आली तर आधी जिल्हा हिवताप अधिकाऱ्यांना विचारा. पकडून ठेवल्यावर विचारायला गेलात तर नमुने खराब झालेले असतात.

नर-मादी हातभिंगानेच कळतात. नराच्या शेपटाशी चिमट्यासारखा मोठा अवयव असतो, मादीचं पोट गोल संपतं. मादीचं पोट लाल दिसलं तर ताजं रक्त, काळपट असेल तर अर्धं पचलेलं, पांढरट फुगीर असेल तर अंडी. कोठ्यात रक्त प्यालेल्या माद्या भरपूर दिसल्या तर त्या ढोरांवर पोसल्या गेल्याची शक्यता मोठी. राहत्या घरातल्या भिंतीवर तशा दिसल्या तर मात्र मुलांची झोपायची जागा त्याच दिवशी बघा.

सहावी पायरी: जात ओळखणं

आपल्याकडे मुख्यतः दोन प्रजाती (जीनस, म्हणजे जवळच्या जातींचे गट) भेटतात, फ्लेबोटोमस आणि सर्जेंटोमिया. पोटाच्या दुसऱ्या ते सहाव्या पट्ट्यांवरचे केस पाहा: फ्लेबोटोमसमध्ये ते उभे असतात, सर्जेंटोमियात आडवे झोपलेले. ही खूण ताज्या माशीत चांगली दिसते. कागदी सापळ्यातल्या तेलकट माशीत केस झडलेले असतात, तिथे फसाल.

पक्की ओळख डोक्याच्या आत. माशी लॅक्टोफिनॉलमध्ये एक-दोन दिवस ठेवून पारदर्शक करा, मग सुईने डोकं धडापासून वेगळं करा आणि काचपट्टीवर खालची बाजू वर करून ठेवा. सूक्ष्मदर्शकाखाली तोंडाच्या पोकळीत दातांची ओळ दिसली तर सर्जेंटोमिया. दात नाहीत किंवा नुसत्या खुणा आहेत तर फ्लेबोटोमस. पुढे जातीपर्यंत जायचं तर मादीतली शुक्रकोषाची आणि नरातल्या चिमट्याची ठेवण बघावी लागते. पहिली पन्नास डोकी उपडीच बसतील किंवा फुटतील. चालायचंच.

फ्लेबोटोमस अर्जेन्टिपेस ही काळ्या आजाराची वाहक. नावाचा अर्थ चांदीच्या पायांची, आणि टॉर्चच्या उजेडात पाय खरंच रुपेरी चमकतात. चांदीपुरा आणि चांदीचे पाय हा निव्वळ योगायोग. गावाला नाव माशीमुळे पडलेलं नाही. फ्लेबोटोमस पापाताची ही चांदीपुरा विषाणूची जुनी संशयित. प्रयोगशाळेत तिच्या मादीकडून अंड्यांमार्फत पुढच्या पिढीत विषाणू जातो असं दिसलं आहे, म्हणजे सगळ्या माश्या मरून गेल्या तरी विषाणू मातीतल्या अंड्यांत टिकू शकतो.

सर्जेंटोमियाला बरीच वर्षं कुणी विचारत नव्हतं. ही पाली-सरड्यांचं रक्त पिणारी, माणसाशी तिचा काय संबंध, असा समज होता. मग आंध्रातल्या साथीच्या वेळी करीमनगर जिल्ह्यातल्या आणि पुढे नागपूर भागातल्या सर्जेंटोमियातच चांदीपुरा विषाणू मिळाला. तेव्हा तुमच्या कुपीत सर्जेंटोमियाच जास्त निघाल्या तर ‘निरुपद्रवी’ म्हणून टाकून देऊ नका.

एक काळजी मात्र घ्या. माशी सापडणं म्हणजे रोग सापडणं नव्हे. खेड्यात नेटाने शोधलंत तर ती बहुतेक मिळेलच. ‘गावात चांदीपुराची माशी आढळली’ अशी बातमी सर्वेक्षणातून गावात गेली की लोक घाबरतात आणि पुढच्या वेळी कोठ्यात पाऊल ठेवू देत नाहीत.

सातवी पायरी: बंदोबस्त

इथे क्रम महत्त्वाचा.

आधी भेगा. कोठ्याच्या आणि घराच्या भिंतींचे खालचे पाच-सहा फूट, पाया आणि जमीन यांचा सांधा, खुंट्याभोवतीची फट, हे सगळं माती-चुन्याच्या गिलाव्याने बुजवा. सिमेंट परवडलं तर उत्तम, पण चुन्याची माती अगदी चालते. घुशीची बिळं दगड घालून बंद करा. नुसत्या सारवणाने भेग बुजत नाही, फक्त झाकली जाते आणि आठ दिवसांत पुन्हा उघडते.

मग उकिरडा. शेणखताचा खड्डा घराच्या भिंतीला लागून असतो, कारण तिथे टाकायला सोपं. तो शक्य तेवढा लांब न्या. कोठ्याची जमीन मुरमाने किंवा फरशीने कडक करा, मूत वाहून जाईल असा उतार द्या. पावसाळ्याच्या तोंडावर जुनी काळी माती खरवडून शेतात टाका; त्याच मातीत पुढच्या महिन्याच्या माश्या आहेत.

त्यानंतर भिंतीवरची फवारणी. धूर हवेत विरतो आणि भेगेतल्या माशीपर्यंत पोचत नाही. भिंतीवर टिकणारं कीटकनाशक लागतं, म्हणजे माशी येऊन टेकली की मरेल. पन्नास-साठच्या दशकांत हिवतापासाठी मारलेल्या डीडीटीने बिहारातला काळा आजारही जवळजवळ नाहीसा केला होता, कुणी ठरवलं नसताना. फवारणी थांबली आणि १९७७ मध्ये तो मोठ्या साथीने परतला. पुढे डीडीटीला दाद न देणाऱ्या माश्या वाढल्या, तेव्हा काळ्या आजाराच्या कार्यक्रमात अल्फासायपरमेथ्रिनसारखी पायरेथ्रॉइड औषधं आली. गुजरातेत २०२४ मध्ये भेगांत मॅलेथिऑनची भुकटीही धुरळली. आपल्या भागात काय मारायचं हे हिवताप विभाग ठरवेल. कृषी केंद्रातून पिकावरचं औषध आणून घरात मारू नका.

माश्या औषधाला दाद देतात का, हे तपासण्याची रीत ठरलेली आहे. औषध लावलेल्या कागदाच्या नळीत माश्या तासभर ठेवतात आणि २४ तासांनी मेलेल्या मोजतात. ९८ टक्के किंवा अधिक मेल्या तर औषध चालतं, ९० च्या खाली गेलं तर माशीने प्रतिकार कमावलेला आहे. शेजारी बिनऔषधाच्या कागदाची नळी ठेवायला विसरलात तर त्या आकड्याला अर्थ नाही. पकडताना दुखावलेल्या माश्या तशाही मरतात.

फवारणीची तारीख ठरवताना पंचांग बघा. खरंच सांगतो. पोळ्याआधी कोठे सारवून, चुना मारून सजवले जातात, आणि दिवाळीला घरं. फवारणीनंतर आठवड्याने पोळा आला तर सरकारचं औषध शेणाखाली गाडलं जातं. घरच्या बाईमाणसाशी बोला, कारण भिंती कधी सारवायच्या हे त्या ठरवतात. आधी सारवण आणि रंग उरकू द्या, भिंत वाळली की फवारा, आणि मग निदान अडीच-तीन महिने त्या भिंतीला हात लावू नका.

झोपण्याच्या सोयीचं थोडक्यात. मुलांना जमिनीवर आणि कोठ्याच्या भिंतीलगत झोपवू नका. खाट, पूर्ण बाह्यांचे कपडे, बारीक जाळीची मच्छरदाणी. साध्या मच्छरदाणीच्या भोकांतून ही माशी आत येते. औषध लावलेली मच्छरदाणी त्यापेक्षा बरी, पण तिच्यावरच विसंबू नये. बिहार आणि नेपाळमध्ये अशा मच्छरदाण्यांची मोठी चाचणी झाली, तेव्हा नेहमीच्या उपायांपेक्षा काळ्या आजाराचा संसर्ग ठळकपणे घटलेला दिसला नाही. त्याउलट छताचा पंखा कामाचा. वाऱ्यात या माशीला धड उडताच येत नाही.

आठवी पायरी: पुन्हा मोजणी

भेगा बुजवल्यावर आणि फवारणी झाल्यावर दोन आठवड्यांनी त्याच सहा कोठ्यांत, त्याच वेळी, तेवढीच मिनिटं शोधा. पुन्हा महिन्याने. शक्य असेल तर जिथे काहीच केलेलं नाही असे दोन-तीन कोठे तुलनेसाठी ठेवा आणि तिथेही मोजा, कारण पाऊस उघडल्यावर माश्या आपल्या आपणही कमी होतात आणि त्याचं श्रेय आपण फुकट घेऊन बसतो. घनता १२ वरून ३ झाली आणि शेजारच्या न फवारलेल्या कोठ्यात ती १० च राहिली, तर काम झालं. दोन्हीकडे ३ आली तर पाऊस गेला, एवढंच. आणि फवारलेल्या कोठ्यात महिन्याभरात आकडा पुन्हा १० वर गेला तर औषधाला दोष देण्याआधी मालकाला विचारा, भिंत मध्ये सारवली होती का.